स्वच्छ निघालेला फोटो

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्यावरचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही. कुणी त्यांचा विषय काढला की लोक म्हणतात, माणूस सोन्यासारखा होता. मी मान हलवतो. मनात म्हणतो, होता. पण त्यानं मला फसवलं. आणि तेही अशा कामात, ज्यात मला दुसरं कुणी फसवू शकत नव्हतं.

ते काम म्हणजे बैलांचा व्यापार. आमचं गाव कवठे महांकाळच्या पूर्वेला, कुसळांच्या माळावर. वडील लवकर गेले, शाळा चौथीत सुटली. अक्काचं लग्न झालं, तिच्या मागोमाग मी तिच्या घरी गेलो आणि दाजींच्या बैलांमागं चालायला लागलो. पूर्वेकडच्या धनगरांकडून खिलार खोंड घ्यायचे, पोसायचे, औताला लावून शहाणे करायचे आणि पश्चिमेला उसाच्या मुलखात नेऊन विकायचे. आष्टा, कऱ्हाड, पार रहिमतपूरपर्यंत आमची पायपीट चालायची. पुढं मी माझा वेगळा व्यापार उभा केला, आष्ट्याला घर बांधलं. कुणाची एक पै माझ्या त्या घरात नाही. पण मोठ्या बाजाराला दाजी आणि मी बरोबरच उतरत असू.

दाजी उंच, आवाज भरदार, गालात कायम तंबाखूची गोळी. बैलाचं तोंड उघडून दात बघायचे आणि वय सांगायचे, त्यात कधी चूक नाही. त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, तोंड एकदाच उघडायचं. आमच्या बाजारात तशी रीतच होती. तुम्ही जनावराचं तोंड बघितलं, 'ठीक हाय' म्हणालात, की विषय संपला. पुन्हा दुसऱ्यांदा तोंड उघडायला हात घातला तर मालक कासरा ओढून जनावर घेऊन निघून जायचा. दुसऱ्यांदा बघणं म्हणजे त्याच्या शब्दावर थुंकणं. मी दाजींना एका चांगल्या गिऱ्हाइकापुढून असं उठून जाताना बघितलं आहे. किंमत ठरली होती, तरी गेले.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. दावणीला चार बैल पुन्हा दिसायला लागले होते. पावसाळा संपता संपता आम्ही रहिमतपूरच्या बाजाराला जोड्या घेऊन गेलो. दुपारी लिंबाखाली भाकरी सोडली. लसणाची कोरडी चटणी होती. दाजींनी दुसरा-तिसरा घास घेतला आणि एकदम उभे राहिले. छातीवर मूठ मारू लागले. डोळ्यांतून पाणी. मी तांब्या दिला, तर पाणीसुद्धा उलटून नाकावाटे आलं. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं, पलटणीतनं पेन्शनीत आलेला उसाचा बागायतदार. तो म्हणाला, "काय ओ, माल इकायच्या आदी मालकच गळपाटला की!"

दाजींनी तोंड पुसलं. "आवं पावणं, तुमचा आकडा आयकूनच घास अडाकला."

सगळे हसले. मीही हसलो. जोडी चांगल्या भावानं गेली.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला सांगितलं, हे आषाढातल्या बेंदरापासून चाललंय. छातीच्या मधोमध बोट ठेवून म्हणाले, "घास हितं यिऊन थांबतो. जरा इचार करतो, मग जातो खाली."

"आणि अक्काला सांगितलंसा?"

"तिला सांगून काय? ती दोन घास जास्तच वाडंल."

मी त्यांच्याशी भांडूनच त्यांना सांगलीला नेलं. एका डॉक्टरांनी घरच्या माडीवर फोटोची मशीन बसवली होती. एक्स-रेला आमच्याकडं सगळे फोटोच म्हणायचे. दाजींनी बंडी काढली, गळ्यातला ताईत काढला, हनुवटी वर करून थंडगार फळीला छाती लावली. आतला माणूस ओरडला, "श्वास ओढा, धरून ठेवा, हलू नका!" बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "मी बैलाला सुदीक असं हुबं करीत न्हाई."

डॉक्टरांनी ओली फिल्म खिडकीपुढं धरली. स्वभावानं चांगला माणूस होता, समजावून सांगत होता. हे काळं दिसतंय ती फुप्फुसं, त्यात हवा म्हणून काळी. हाडं पांढरी. मधे पांढरा आकार दिसतोय तो हृदयाचा. फुप्फुसात कुठं पांढरा डाग असता तर काळजी होती. तसं काही नाही.

"छाती स्वच्छ आहे," ते म्हणाले.

मग खुर्चीवर बसून खाली मान घालून काही लिहिता लिहिता पुढं बोलले, "घास अडकतोय म्हणता, तर एकदा पांढरं औषध पाजून अन्ननलिकेचे फोटो काढायला हवेत. उपाशीपोटी या परवा-तेरवा."

तोवर दाजी बंडीची बटणं लावत होते आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मी लहानपणी त्यांना एकदाच तसं बघितलं असेल. "सोच्छ म्हनाले न्हवं? झालं तर मग," असं म्हणत ते जिना उतरायलाही लागले. डॉक्टरांचं पुढचं वाक्य माझ्याही कानावर पडलं होतं. पण यष्टीत बसल्यावर मधल्या गावांची नावं कानावर पडतात ना, आपल्याला तिथं उतरायचं नसतं, तसं पडलं.

तो फोटो गावात सणासारखा साजरा झाला. दाजी पारावर बसायचे, पाकिटातून फिल्म काढून उन्हावर धरायचे. म्हातारे यायचे, बायका येता-जाता थांबायच्या. "हाडं बगा कशी, पोलादाची पहार." "काळीज कंचं म्हनायचं ह्यातलं?" दाजी बोटानं दाखवायचे. अक्का दारातून म्हणाली, "लोकास्नी दावाय बरं सापडतंय. माज्याशी बोलताना कुठं ठिवतासा त्ये?"

पार हसून लोटपोट झाला. हसता हसता सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवून टाकली. ती कुणी तोंडानं बोललं नाही, पण ठरली. घास छातीत अडकतो. छातीचा फोटो स्वच्छ आहे. म्हणजे घास अडकत नाही. माझ्यासारखा हिशेबी माणूससुद्धा त्या हिशेबात बसला. दाजी तर त्या दिवसापासून अडकण्याबद्दल बोलायचेच बंद झाले. फोटो नाही म्हणतोय म्हटल्यावर माणसानं हो म्हणायचं तर कुठल्या तोंडानं?

दिवाळीला मी अक्काकडं गेलो तर दाजी भाकरी दुधात चुरून, तिचा पार लगदा करून चमच्यानं खात होते.

"हे काय?"

"दात हालत्यात रं."

माझ्यापुढं दातांची थाप! मी त्यांना अंगणात घेतलं. सांगलीच्या डॉक्टरांचं ते पांढऱ्या औषधाचं वाक्य आता मला स्पष्ट आठवलं होतं. मी म्हणालो, "दाजी, परत जाऊया. दुसरा फोटो काडाय सांगितला हुता त्येंनी."

"एकदा काडलाय की."

"ह्यो येगळा हाय. औषध पिऊन काडायचा."

"एकदा बगितलं, सोच्छ म्हनाला. आता परत बगायचं म्हंजे त्येचा सोताच्या डोळ्यावर इस्वास न्हाई का माज्यावर न्हाई? का मशीन इकत घेतलीया त्येचं पैसं काडायचं हाईत? तोंड एकदा उघाडलं, पास केलं. मी दुसऱ्यांदा उघाडू देत नसतो, तुला ठावं हाय."

माझा राग पायापासून वर चढला. "तुमी बैल हाय का, दाजी?"

"बैल असतो तर तू मला आष्ट्याच्या बाजारात कवाच इकून आला असतास!"

आत अक्का भांडी घासायची थांबली होती, हे मला आवाजावरून कळत होतं. मी ओरडलो, ते ओरडले. शेजारचा कुत्रा ओरडला. मग दाजी एकदम हसले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी माझ्या आणि त्यांच्या हातावर टाकला. "यी. हून जाऊ द्या सौदा. एक बोट म्हंजी एक म्हैना."

ज्यांना आमचा बाजार माहीत नाही त्यांना सांगतो, आकडा तोंडानं बोलायचा नसतो. टॉवेलाखाली दोघं हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात. बघणाऱ्याला नुसते दोन चेहरे दिसतात. तेव्हा डोळ्यांत काही दिसू द्यायचं नाही, हे दाजींनीच मला शिकवलेलं. मी त्यांचं एक बोट दाबलं. एका महिन्याच्या आत जायचं. त्यांनी माझा अख्खा पंजा दाबला. पाच. म्हणजे थेट चैत्र. मी दोन. ते चार. मी पुन्हा दोन. त्यांनी पुन्हा चार दाबली, पण या वेळी जरा सैल. सैल दाबलं की समजायचं, समोरचा हलायला तयार आहे. मी तीन दाबली आणि सोडली नाहीत. त्यांनी टॉवेल उचलला.

"पौषातली खरसुंडीची जत्रा झाली की जाऊ. शबूद."

खरं सांगायचं तर त्या वेळी मला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. दाजींना पाचावरून तीनावर कुणी आणलं नव्हतं. मी आत जाऊन अक्काला म्हणालो, "आणलं खाली."

"खाली म्हंजी कवा?"

"पौषात."

ती पातेलं घासत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "दुकनं त्येंच्यात हाय, का तुमच्या दोगांच्या टॉवेलात?"

मी तिच्यावरही खेकसलो. दोन्हीकडून ओढायचं आणि मधे यायचं, यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं होतं. मधल्या आकड्यावर आलं की दोघंही राजी आणि बाजार चालू. ज्याच्याशी खरा सौदा करायचा, ते दुखणं टॉवेलाखाली हातच घालत नाही, असा प्रसंग माझ्यावर तोवर आला नव्हता.

आता फसवणुकीचं सांगतो.

विकायला काढलेला बैल खंगलेला असला तर त्याला दाखवायच्या तऱ्हा असतात. आदल्या रात्री पेंडीत मीठ जास्त घालतात, म्हणजे सकाळी तो पोटभर पाणी पितो आणि कुशी भरून येते. शिंगं तासून तेल लावतात. गिऱ्हाईक यायच्या वेळी त्याला उंचवट्यावर उभं करतात, म्हणजे तो खालून भारी दिसतो. या सगळ्या तऱ्हा मला दाजींनी शिकवल्या होत्या. कशासाठी, तर फसवायला नव्हे, ओळखायला.

कार्तिक-मार्गशीर्षात मी पंधरा-वीस दिवसांनी अक्काकडं एक चक्कर मारायचो. प्रत्येक वेळी दाजी ओट्याच्या वरच्या पायरीवर बसलेले असायचे आणि मी खाली अंगणात उभा. थंडी होती, म्हणून अंगावर घोंगडं. आत दोन सदरे होते, हे मला नंतर कळलं. मिशांना तेल, तोंड हसरं. मी येणार असा निरोप असला की पहाटेपासून घोट घोट आंबील पिऊन ते पोट भरून ठेवायचे, म्हणजे माझ्यासमोर "आत्ताच जेवलो" म्हणायला बरं. अक्काला त्यांनी पोरांची शपथ घातली होती. ती तरी काय करणार? ती माझ्याकडं बघायची आणि मी दाजींकडं बघायचो. मला वाटायचं, तीन महिन्यांचा शब्द आहे, माणूस दिसतोही ठीक, मग घाई कसली? सबंध जिल्ह्यात माझ्या डोळ्याला डोळा देऊन खंगलेलं जनावर विकणारा एकच माणूस होता, आणि त्यानं ते स्वतःच्या बाबतीत केलं.

खरसुंडीला आम्ही जोड्या घेऊन उतरलो. दाजी छकड्यात बसून आले. मी म्हणालो, चालत का नाही, तर म्हणाले, "आता मी मालक झालो, गडी चालत्यात." बाजार भरात होता. सोलापूरकडच्या एका गिऱ्हाइकाचं मन आमच्या पांढऱ्या जोडीवर बसलं. दाजींनी त्याच्याबरोबर टॉवेलाखाली हात घातला. बराच वेळ गेला. मग तो माणूस उठून माझ्याकडं आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "राग मानू नका. पन तुमच्या दाजींचं बोट लागत न्हाई वो. काय दाबत्यात, कायबी कळंना. तुमीच घाला हात."

मी गेलो, टॉवेलाखाली हात घातला, पण आकडा सांगायला नाही. मी नुसता त्यांचा हात धरला. हात कसला, काटक्यांची जुडी होती. मी घोंगडं ओढलं. गळ्याखालची दोन्ही हाडं वर आलेली, मधे खळगे. भर बाजारात मी त्यांच्या अंगावर ओरडलो, काय ओरडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. लोक गोळा झाले. दाजी हळू आवाजात म्हणाले, "आरं, जोडी तर इकू दी. मग वरड."

जोडी मी गावच्या माणसांवर टाकली आणि तसाच त्यांना घेऊन मिरजेला मोठ्या दवाखान्यात गेलो. वाटेत अक्काकडं थांबून सांगलीचा तो फोटो पाकिटासकट बरोबर घेतला. तेव्हासुद्धा मला वाटत होतं, तो दाखवला की निम्मं काम हलकं होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं. दार लावून घ्यायच्या आधी मी बघितलं, पेल्यात खडू कालवल्यासारखं दाट पांढरं औषध होतं. दाराबाहेर मला आवाज येत होता. "घोट घ्या. तोंडातच धरा. आता गिळा. थांबा. पुन्हा घ्या." बराच वेळ तेच. बैलाला नाळीनं औषध पाजताना आपण जसं "हं, हं, गेलं" म्हणतो तसा त्या डॉक्टरांचा सूर होता. मला तेवढ्यातही त्यांचं बरं वाटलं.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. उजेडाच्या पेटीवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले, सांगलीचा आणि आजचा. आजच्या फोटोत छातीच्या मधून एक पांढरा पट्टा वरून खाली आला होता. वर चांगला रुंद, मग एकाएकी वेडावाकडा आणि दोऱ्याएवढा बारीक. त्याखाली कुठं कुठं पांढरे शिंतोडे.

"हे त्यांनी प्यायलेलं औषध," डॉक्टर म्हणाले. "इथपर्यंत नीट उतरलं. इथे एवढीच वाट राहिली आहे."

मी सांगलीच्या फोटोवर बोट ठेवलं. "मग ह्यात का नाही दिसलं? छातीच आहे की ही."

त्यांनी न चिडता सांगितलं. अन्ननलिका ही मऊ मांसाची नळी. मागं मणके, पुढं हृदय, त्यांच्या मधून जाते, आणि घास नसेल तेव्हा मिटलेली असते. फोटोत हाड उठून दिसतं, हवा उठून दिसते. मांसाच्या मागं मांस उठून दिसत नाही. तिच्यात पांढरं काही उतरवावं तेव्हा आतली वाट उमटते. "हा पहिला फोटो खोटा नाही," ते म्हणाले. "फुप्फुसं खरंच स्वच्छ आहेत. त्याला तुमच्या दुखण्याचा प्रश्न विचारलाच नव्हता. प्रत्येक फोटो विचारलं तेवढंच सांगतो."

मग तोंडातून नळी घालून तुकडा काढला, तपासला. कॅन्सर निघाला. छाती उघडून शस्त्रक्रिया करतात, पण या अंगात ती सोसायची ताकद राहिली नाही, असं ते म्हणाले. मुंबईला किरणांचा शेक देतात, पण तोही आता कितपत उपयोगी पडेल शंकाच. पोटाला भोक पाडून नळी बसवू, निदान उपाशी राहणार नाहीत. मी विचारलं, शेकाची किरणं म्हणजे फोटोचीच का? कारण आमच्याकडं दोन-तीन म्हाताऱ्या सांगत, फोटो काढल्यावर आमचं दुखणं कमी झालं. ते म्हणाले, जात तीच, पण ती फार जोरदार असतात. फोटोची किरणं काही बरं करत नाहीत, नुसती दाखवतात.

आणि उठता उठता त्यांनी ते वाक्य उच्चारलं. "तीन-चार महिने आधी यायला हवं होतं."

"आलो होतो!" मी टेबलावर हात आपटला. "आलो होतो आम्ही! हा फोटो काय झाडाखाली काढलाय?"

त्यांनी सांगलीचा फोटो पेटीवरून काढला आणि पाकिटात घालून माझ्या हातात दिला. अशा वेळी समोरचा भांडला नाही की माझं डोकं जास्त फिरतं.

त्याच आठवड्यात मी सांगलीला त्या माडीवर गेलो. पेशंट बसले होते, त्यांच्यासमोरच मी तोंड सोडलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी सांगितलं होतं. पांढरं औषध देऊन फोटो काढायला लागेल, उपाशीपोटी या."

"सांगितलं होतंत," मी म्हणालो. "पण 'स्वच्छ' आधी सांगितलंत. आम्ही बैल विकतो, डॉक्टर. जनावराचा गुण आधी सांगतो आणि खोड मागून हळू आवाजात सांगतो. का सांगतो तसं? कारण गिऱ्हाईक पहिलंच ऐकतं. नंतरचं कुणी ऐकत नाही. ते आम्ही पोटासाठी करतो. तुम्ही कशासाठी केलंत? खोड आधी सांगायची. ह्या फोटोत तुमच्या दुखण्याची जागा दिसतच नाही, एवढं आधी सांगायचं, आणि मग म्हणायचं काय स्वच्छ ते."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "बसा जरा."

मी बसलो नाही. तणतणत जिना उतरलो. आज वाटतं, बसायला हवं होतं. त्यांना काही बोलायचं असावं. माझं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण भांडणात जिंकून खाली रस्त्यावर आलो तेव्हा माझ्या हातात काय होतं? सौद्यात निदान जनावर तरी येतं.

पुढं मी कुठल्याही दवाखान्यात गेलो की डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारतो, ह्या फोटोत काय दिसणार नाही? काही चिडतात. चिडू देत. माझ्या चुलत्याच्या पायाच्या वेळी विचारला, बायकोच्या पोटाच्या वेळी विचारला. विचारायचा तेव्हा मात्र विचारला नव्हता.

दाजींना घरी आणलं. पोटाला नळी होती, अक्का तिला नरसाळं लावून पातळ पेज ओतायची. ओतताना ती दुसरीकडं बघायची आणि दाजी तिची चेष्टा करायचे, "आगं, चव तरी इचार कशी झालीया." आवाज बसत चालला होता. मी जवळजवळ रोज जायचो. बाजार सोडले होते.

एका दुपारी ते म्हणाले, "तो पांढऱ्या औषधाचा फोटू दाव की. माजा आसून मीच बगितला न्हाई."

मी पाकिटातून काढून दिला. दारातून ऊन येत होतं, त्यावर त्यांनी तो धरला. तेवढाही त्यांना पेलेना, तेव्हा मी दुसरी कड धरली. दात बघताना ते जसे डोळे बारीक करायचे तसे त्यांनी केले. वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं. बारीक दोऱ्याच्या जागी आल्यावर तिथंच थांबले.

"ह्यो बैल मी घेतला नसता," ते म्हणाले.

मी फोटोची कड सोडली नाही.

मग म्हणाले, "एक इचारू? मी पाचावरनं तिनावर आलो. तू दोनावर का अडून बसला न्हाईस?"

"तुमीच शिकवलंसा न्हवं, मदल्या आकड्यावर यायचं म्हणून?"

"आरं, त्ये बैलाचं." त्यांनी दम घेतला. "जरा वडलं आसतंस तर आलो आसतो मी एकावर."

हे वाक्य आमच्या बाजारातलं रोजचं वाक्य आहे. सौदा पुरा झाला, कासरा हातात पडला, की विकणारा घेणाऱ्याला हमखास हे ऐकवतो. जरा ओढलं असतंस तर अजून खाली आलो असतो. खरं काही नसतं त्यात. घेणाऱ्यानं घरी जाईपर्यंत जळत राहावं, एवढ्यापुरती ती चेष्टा. दाजींनी आयुष्यभरात शेकडो लोकांना ते ऐकवलं असेल, आणि ऐकवताना डाव्या डोळ्यानं माझ्याकडं बघून हसायचे.

चैत्र लागायच्या आत ते गेले. ती चेष्टा होती, की ते खरंच आले असते, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलंही असतं. मरायला टेकलेल्या माणसाला आकडा लपवून काय करायचाय? राग म्हणतो तो हाच. त्या माणसानं माझ्या गळ्यात एक सौदा बांधून ठेवला आणि तो कसा झाला हे सांगायला थांबला नाही. चेहऱ्यावरून मला कळलं असतं. डाव्या डोळ्याकडं नुसतं बघायचं होतं. पण ते बोलले तेव्हा मी फोटोची कड धरून बसलो होतो आणि माझे डोळे त्या बारीक पांढऱ्या दोऱ्यावर होते.